जुन्या जीपचा पत्रा : आधी गंज काढा, मगच रंग लावा



इंजिन, पंप, ट्रॅक्टर यांच्या निगेविषयी आपण कार्यक्रमात वेळोवेळी बोलतो. जुन्या जीपची आठवण मात्र क्वचितच निघते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच महिंद्रांनी मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे ही गाडी खेड्यापाड्यांत येऊन रुजली. आज शहरातले हौशी लोक अशा जुन्या गाड्या शोधत हिंडतात आणि काचेच्या भांड्यासारख्या जपतात. आपल्याकडच्या जीपला ते सुख कुठले? ती भाजीच्या पाट्या नेते, दुधाचे कॅन नेते, खताची पोती नेते आणि रात्री-अपरात्री घरच्या आजाऱ्यालाही दवाखान्यात पोचवते. तिचा पत्रा धड आहे की नाही, यावर आत बसलेल्यांचा जीव अवलंबून असतो.

श्रोते हमखास विचारतात, "गाडीला दर दोन वर्षांनी रंग देतो, तरी पावसाळा सरला की फुगे धरतात. रंगवाला फसवतो का काय?" रंगवाला फसवत असेलही. पण बहुतेक वेळा दोष रंगाचा नसतो. रंगाखाली जो गंज तसाच राहिला, त्याचा तो दोष असतो.

लोखंडाला पाणी आणि हवा एकदम मिळाली की गंज धरतो, एवढे सगळ्यांना माहीत आहे. पण गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून तो रंगाला खालून उचलतो. आपल्याला दिसतो तो फुगा. फुगा फुटला की तिथून आणखी पाणी शिरते. त्यावर नवा रंग मारणे म्हणजे कीड लागलेल्या ज्वारीच्या कणगीला वरून शेणाने सारवणे झाले.

आता हे पाणी मुरते कुठे, ते पाहू. चिबड जमीन म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगायला नको. पाणी जिथे तुंबते तिथे मुळे कुजतात. वरून कितीही खत घाला, पीक पिवळेच राहते. पत्र्याचेही तसेच आहे. उघड्या पाठीवर पाऊस पडला तर तो वाहून जातो, वाळतो. पण मडगार्डच्या आतली दुमड, सीटखालची पेटी, तळाच्या पत्र्याखालच्या आडव्या पन्हळी आणि पत्रा चासीवर जिथे बोल्टने बसवलेला असतो तिथली रबरी गादी, या जागा चिबड असतात. चाकाने उडवलेला चिखल तिथे जाऊन बसतो आणि उन्हाळ्यापर्यंत ओल धरून ठेवतो. कारखान्याने पाणी जायला भोके ठेवलेली असतात, पण ती चिखलाने बुजतात. काही जुन्या विलिस गाड्यांत तळाखालच्या पन्हळीत लाकडी पट्टीही घातलेली असे. ती भिजली की आतल्या आत पत्रा खाते.

नुसत्या पाण्यापेक्षा क्षाराचे पाणी वाईट. पोटॅश खत म्हणून आपण जे वापरतो, त्यातले म्युरेट ऑफ पोटॅश हे मिठाच्याच जातीचे आहे. पोते फाटले, चार मुठी तळाला सांडल्या आणि त्यावर ओल आली की पत्र्याचे दिवस भरले. युरिया हवेतली ओल ओढून घेतो. द्राक्षवाल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद भिजवतात, त्याचे पाणी लोखंडावर सांडले तर लोखंड झिजते आणि त्यावर तांब्याचा पातळ थर बसतो. त्या तांब्याच्या शेजारचे लोखंड पुढेही लवकर गंजते. मोरचूद लोखंडी बादलीत भिजवू नये म्हणतात, ते याचसाठी. कोकणात आणि गोव्यात तर खारा वाराच असतो. त्यात मासळीच्या पाट्यांतले खारे पाणी तळाला निथळत असेल, तर ती गाडी रोज गोड्या पाण्याने धुवायला हवी.

गाडी तपासताना डोळ्यांवर विसंबू नका. एक लोहचुंबक, एक बोथट पेचकस आणि एक लहान हातोडी घ्या. चुंबक पातळ फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथे तो धरत नाही, तिथे पत्रा नाही, लांबी आहे, म्हणजे आपल्या रंगवाल्यांची पुट्टी. हातोडीने हलके वाजवत जा. धड पत्रा खणखणतो, खाल्लेला बद्द वाजतो. मग सगळ्या चटया काढा, सीट काढा आणि खाली आडवे होऊन पेचकसाने टोचून पाहा. टोक आत गेले तर तिथला पत्रा संपला असे समजा.

माझ्या पाहण्यातल्या एका जीपची गोष्ट सांगतो. बाजारातून घेतली तेव्हा नव्यासारखी चकाकत होती. तळाला रबरी चटई चिकटवलेली. पहिल्याच पावसाळ्यात, उतारावर ब्रेक दाबताना चालकाच्या टाचेखालचा पत्रा खचला. चटई उचलली तर खाली काय? तेलाच्या डब्याचा पत्रा चार रिबिटांनी मारलेला, वर बोटभर लांबी आणि त्यावर काळा रंग. जुन्या जीपची ब्रेक-क्लचची पायपट्टी तळाच्या पत्र्यातूनच वर आलेली असते. खचलेला पत्रा पट्टीखाली अडकला असता तर ब्रेक लागला नसता. त्या दिवशी गाडी बांधाला घासून थांबली, एवढेच नशीब. जुनी जीप घ्यायला जाणाऱ्याने चटई उचलल्याशिवाय विसार देऊ नये, असे मी त्या दिवसापासून सगळ्यांना सांगतो.

कामाला हात घालण्याआधी काळ-वेळ पाहा. आपल्याकडे दसऱ्याला गाडीची पूजा असते, म्हणून लोक दसऱ्याच्या तोंडावर रंग काढायला घेतात. पण तेव्हा बऱ्याचदा हस्ताचा पाऊस असतो आणि हवेत ओल असते. उघडा केलेला पत्रा रात्रीतून तांबूस होतो आणि त्यावरच प्रायमर मारला जातो. दसऱ्याला गाडी धुऊन हार घाला, रंग दिवाळीनंतर काढा. थंडीत सकाळी दव असते, म्हणून दहा वाजल्यानंतर सुरुवात करावी आणि ऊन कलायच्या आत हात थांबवावा. वैशाखात धूळ आणि वावटळ, तेव्हाही नको.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. जुन्या जीपची तेलाची टाकी चालकाच्या सीटखाली असते. तळाच्या पत्र्याला वेल्डिंग करायचे म्हणजे टाकीपासून वीतभर अंतरावर ठिणग्या उडवणे. "टाकी रिकामी आहे, काही होत नाही" असे कुणी म्हणाले तर त्याचे ऐकू नका. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा मिसळलेली असते आणि तोच भडका घेते. टाकी पूर्ण सोडवून काढा, तिचे तोंड आणि नळीचे टोक बंद करा आणि लांब सावलीत नेऊन ठेवा. डिझेलच्या गाडीलाही हाच नियम. बॅटरीची तार सोडा. शेजारी वाळूची बादली आणि पाणी ठेवा. वेल्डिंग संपल्यावर निदान अर्धा तास गाडीजवळ माणूस असू द्या, कारण गादीचा काथ्या किंवा तारेवरचे आवरण आत धुमसत राहते. टाकीलाच भोक पडले असेल, तर ती अंगणात डागायला बसू नका. ते काम टाकी नीट धुऊन, वाफ घालवून करणाऱ्या कारागिराचेच आहे.

जुना रंग खरवडण्यापूर्वी जागाही विचाराने निवडा. जुन्या रंगांत शिसे असू शकते आणि जनावरांना जुन्या रंगाची चव लागते. गुरे असे पोपडे चाटतात आणि त्यांना शिशाची विषबाधा होते. म्हणून हे काम गोठ्यात, कडब्याच्या गंजीजवळ किंवा लेकरे खेळतात तिथे करू नये. खाली ताडपत्री अंथरा, नाका-तोंडाला साधे फडके न बांधता धुळीचा चांगला मुखवटा लावा आणि खरवडलेला चुरा डब्यात बंद करा. उकिरड्यात टाकू नका, तो शेवटी शेतातच जातो.

आधी साबणाच्या पाण्याने चिखल, तेल, शेण धुऊन काढा आणि वाळू द्या. तेलकट पत्र्यावर घासकाम केले की तेल आणखी आत चोळले जाते. काही जण डिझेलने पुसतात. डिझेलने मळ निघतो खरा, पण त्याचा तेलकट पापुद्रा मागे राहतो आणि रंग धरत नाही. त्यानंतर थिनरच्या फडक्याने पुसावेच लागते. मग तारेचा ब्रश, खरवडणी, ८० नंबरचा पॉलिश पेपर. पत्रा सगळीकडून पांढरा, चकचकीत दिसेपर्यंत घासा. फुगा दिसतो तेवढाच घासून थांबू नये. गंज रंगाखालून पसरलेला असतो, म्हणून चहूबाजूंनी दोन-तीन बोटे पुढे जा, धड रंग लागेपर्यंत.

पत्र्याला खड्डे पडले असतील तर त्यांच्या तळाशी काळा गंज राहतोच. त्यासाठी फॉस्फोरिक ॲसिड असलेले गंज काढायचे द्रावण रंगाच्या दुकानात मिळते. हातमोजे घालून ब्रशने लावावे, डब्यावर सांगितले असेल तेवढा वेळ ठेवावे आणि मग सांगितल्याप्रमाणे धुऊन किंवा पुसून पत्रा लगेच वाळवावा. त्याच्याऐवजी संडास धुवायचे ॲसिड ओतणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्याने गंज झटकन जातो, बघणाऱ्याला गंमत वाटते. पण त्यातला मिठाचा अंश दुमडीत राहतो आणि आठ दिवसांत पत्रा पुन्हा तांबडा होतो. बॅटरीचे पाणीही तसेच, वापरू नये.

जिथे पेचकस आत गेला तिथे घासण्याने काम होणार नाही, ठिगळ लागणारच. जीपचे एक बरे आहे. तिचे पत्रे बहुतेक सपाट, त्यामुळे गावातला चांगला वेल्डरही ठिगळ बसवू शकतो. गोल अंगाच्या जुन्या अँबॅसेडरच्या किंवा फियाटच्या मडगार्डला मात्र ठोकाकाम जाणणारा डेंटर हवा.

कुजका भाग कापताना हात आखडू नये. हाताला धड, जाड पत्रा लागेपर्यंत कापा. खाल्लेल्या कडेवर टाका धरत नाही, भोक मोठे होत जाते. पुठ्ठ्याचा बेत आधी कापून घ्या, शिंपी कागद कापतो तसा, आणि त्यावरून पत्रा कापा. पत्रा मूळच्याच जाडीचा हवा, साधारण १८ किंवा २० गेजचा. दुकानात सी. आर. पत्रा म्हणून मागा. घरावरच्या जस्ती पत्र्याचा तुकडा वापरू नका. तो वेल्डिंगला तापला की जस्ताचा पांढरा धूर निघतो आणि तो श्वासात गेला तर रात्री थंडी वाजून ताप भरतो. ठिगळाचे कोपरे चौकोनी न ठेवता गोल करा. कोपऱ्यातून चीर जाते.

वेल्डिंग एका टोकाकडून सलग ओढत नेले तर पातळ पत्रा तापून पापडासारखा वाकडा होतो. आधी चार दिशांना चार टाके, मग त्यांच्या मध्ये टाके, थांबत, थंड होऊ देत. साध्या आर्क वेल्डिंगने एवढा पातळ पत्रा बहुधा जळतो. ज्याच्याकडे सीओटू वेल्डिंग आहे किंवा ज्याचा गॅस वेल्डिंगला हात बसलेला आहे, त्याच्याकडे जावे. थोडे पैसे जास्त पडतील, पण हे काम तालुक्याला जाऊन करण्याजोगे आहे. टाके घासून सपाट केल्यावर ठिगळाच्या मागच्या बाजूलाही प्रायमर आणि सांध्यात सीलर भरायला विसरू नका. निम्मी ठिगळे मागूनच कुजतात, कारण मागे कुणी पाहत नाही. आणि हो, बुजलेली भोके याच वेळी तारेने मोकळी करा. पाणी जायला वाट नसेल तर ठिगळालाही तीच गत.

लांबीविषयी थोडके सांगतो. लांबी ही खळगा भरायला आहे, भोक बुजवायला नाही. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड थर देऊ नका. जास्त खोल पोचा असेल तर आधी मागून ठोकून पत्रा वर आणा. दोन डब्यांची लांबी कालवताना हार्डनर सांगितला तेवढाच. "लवकर सुकू दे" म्हणून जास्त घातला तर ती नीट बसत नाही आणि वरच्या रंगावर डाग उठतो. लांबी पाणी पिते, म्हणून ती कोरडीच घासावी आणि उघडी ठेवून रात्र काढू नये.

प्रायमर मारण्याआधी थिनरच्या स्वच्छ फडक्याने पुसा आणि त्यानंतर हात लावू नका, घामातही मीठ असते. आपल्याकडे तांबड्या रेड ऑक्साईडची चाल आहे. तो स्वस्त आहे, ब्रशने लागतो, वाईट नाही. पण तो पाण्याला पुरता अडवत नाही. तांबडा हात मारून गाडी दोन-दोन महिने उभी ठेवायची आणि सुगी झाल्यावर रंग द्यायचा, हे चूक. तोवर खाली गंज सुरू झालेला असतो. दोन भाग मिसळून लावायचा एपॉक्सी प्रायमर महाग पडतो, पण तळाला आणि मडगार्डच्या आतल्या अंगाला तोच लावावा असे मी सांगेन. पैसे कमी असतील तर वरच्या रंगात काटकसर करा, इथे नको.

वरच्या रंगाचे फार सांगण्यासारखे नाही. सिंथेटिक एनॅमल ब्रशनेही देता येतो. दोन-तीन पातळ हात द्या. पहिला पुरता वाळल्यावर दुसरा, साधारण एक दिवसाने. गन असेल तर ती पत्र्यापासून वीतभर लांब धरा आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवा. जुन्या एनॅमलवर एन. सी. रंग मारलात तर त्याचा थिनर खालचा रंग उचलून सुरकुत्या पाडतो. म्हणून आधी कोपऱ्यात हातभर जागेवर मारून पाहा. शहरात मोटारींना देतात तो हार्डनर मिसळलेला पी. यू. रंग दिसतो फार देखणा, पण त्याच्या फवाऱ्यातले आयसोसायनेट छातीत बसले तर कायमचा दमा जडू शकतो. साध्या मुखवट्याने ते अडत नाही. तो रंग आपल्या शेडमध्ये मारू नये. कुठलाही रंग मारताना दारे उघडी आणि बिडी-काडी बंद.

कायद्याच्याही दोन गोष्टी सांगून ठेवतो. जीप म्हटली की तिला लष्करी हिरवा रंग द्यावा असे तरुण पोरांच्या मनात येते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे हा ऑलिव्ह हिरवा रंग लष्कराच्या गाड्यांनाच आहे. खाजगी गाडीला तो देता येत नाही. दुसरा कोणताही वेगळा रंग द्यायचा तर आधी आरटीओ कचेरीत कळवून पुस्तकातली नोंद बदलून घ्यावी. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी आणि पुढे दर ५ वर्षांनी नवी करताना गाडी तपासतात, तेव्हा हे निघतेच. ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी आहे. पण अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला रस्त्यावर काढता येत नाही, म्हणून दुधाचे कॅन नेणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

ट्रॅक्टरच्या मडगार्डलाही वरचे सगळे लागू आहे. फक्त मडगार्ड दुरुस्त झाले म्हणून त्यावर पोरांना बसवू नका. पत्रा धड असला तरी ती बसायची जागा नाही.

रंग झाल्यावर महिनाभर साबण-सोड्याने धुऊ नका, नुसते पाणी पुरे. खताची पोती न्यायची असतील तर खाली ताडपत्री टाका आणि घरी आल्यावर तळ झाडून धुवा. कापडी टप भिजलेला असेल तर घडी घालून गाडीतच ठेवू नका. रबरी चटई चिकटवू नका, सुटी ठेवा, म्हणजे उचलून खाली पाहता येते. मृगाच्या आधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा गाडीखाली आडवे व्हा, भोकांतून तार फिरवा आणि पाण्याचा फवारा मडगार्डच्या आतून, खालून वर मारा. जिथे खडा उडून रंग गेला असेल तिथे त्याच दिवशी घासून प्रायमरचा ठिपका द्या. त्यासाठी उरलेला प्रायमर फेकू नका. एक भागाचा असेल तर डबा घट्ट बंद करून, उलटा करून ठेवा. वरची साय तळाला जाते आणि डबा पुढच्या वर्षीही कामाला येतो.